दोष तुपाचा नव्हता

"आमच्या घराण्यात पुरुष टिकत नाहीत." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की आडनाव आणि गोत्राच्या जोडीला तेही पाठ झालं होतं. आजोबा ५२व्या वर्षी गेले. बाबा १९९६ साली, ४७व्या वर्षी. ऑफिसातून आले, अर्धा कप चहा प्यायले, छातीत जळजळतंय म्हणून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी नऊ वर्षांचा होतो. २००३ साली काका गेले, वय ४४.

तिन्ही वेळा कारण वेगळं सांगितलं गेलं. आजोबांना तंबाखू भोवली. बाबांना तूप भोवलं. काकांना 'टेन्शन' भोवलं (त्यांची कंपनी तेव्हा बंद पडायच्या बेतात होती). काकांच्या नंतर कोणीतरी पत्रिका दाखवली आणि त्र्यंबकेश्वरला जाऊन तीन दिवसांचा नारायण नागबळीही झाला. म्हणजे तंबाखू, तूप, टेन्शन आणि पितृदोष. चार कारणं सापडली, पण ती एकाच रांगेत ठेवून कोणी पाहिली नाहीत.

आज लिहायचंय ते याबद्दल. मी काही डॉक्टर नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणजे खरं सांगायचं तर दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड दुरुस्त करतो. तेव्हा काही चुकलं तर जाणकारांनी खुशाल कान धरावा.

तर झालं असं. आमच्या कंपनीत दरवर्षी फुकट हेल्थ चेकअप असतं. फुकट म्हणून मी दरवर्षी करतो, आणि फुकट म्हणूनच रिपोर्ट वाचत नाही. तीन वर्षं लागोपाठ त्यात एकच गोष्ट ठळक अक्षरात येत होती : टोटल कोलेस्टेरॉल ३१८, एलडीएल २४१. खाली आहारतज्ज्ञांचा सल्ला : तळलेलं टाळा, रोज अर्धा तास चाला. आता माझं वजन ६२ किलो. आठवड्यातून चार दिवस बॅडमिंटन खेळतो. आईच्या राज्यात बाबांच्या नंतर घरात वनस्पती तूप, साजूक तूप, सुकं खोबरं, सगळ्यावरच बंदी आली होती. मी काय टाळणार? शिवाय आपली जमातच वॉर्निंग इग्नोर करणाऱ्यांची. कंपाइल होतंय ना, मग झालं तर!

मग गेल्या पावसाळ्यात खोकला जाईना म्हणून एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी जुनी फाईल चाळली, मधेच थांबले आणि म्हणाले, "मोजे काढा." खोकल्यासाठी मोजे? टाचेच्या वर जी दोरीसारखी जाड कंडरा असते ना, अकिलीस टेंडन, ती त्यांनी दोन बोटांत धरून चाचपली. जाड होती, आणि एका जागी गाठ होती. ती मला वर्षानुवर्षं माहीत होती, बॅडमिंटनची देणगी समजत होतो.

"वडील असतात?"

"नाही."

"कोणत्या वयात गेले? त्यांचे वडील? भाऊ?"

मी सांगत गेलो आणि ते प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चौकोन आणि गोल काढत गेले. चौकोन पुरुषांचे, गोल बायकांचे. तीन चौकोन काळे केले. मग आत्याबद्दल विचारलं. आत्या ६१व्या वर्षी हार्टनेच गेली होती, पण 'घराण्यात पुरुष टिकत नाहीत' या वाक्यात ती बसत नव्हती म्हणून आम्ही तिला कधी मोजलंच नव्हतं. डॉक्टरांनी तो गोलही काळा केला. माझा चौकोन त्यांनी काळा न करता त्यात फक्त एक तिरकी रेघ मारली आणि म्हणाले, "हे कोणाच्या खाण्यापिण्याचं नाही. हे १९व्या गुणसूत्रावरचं आहे."

त्यांनी थायरॉइड वगैरे इतर कारणं तपासून बाजूला काढली. निदान : फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे आनुवंशिक अति-कोलेस्टेरॉल. आपण सोयीसाठी त्याला एफएच म्हणू.

१९व्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर एलडीएलआर नावाचं एक जनुक आहे. त्याच्यावरून ८६० अमिनो आम्लांचं एक प्रथिन तयार होतं, एलडीएल रिसेप्टर. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर, मुख्यतः यकृताच्या पेशींवर, गळासारखं बाहेर डोकावत असतं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएलचा कण जवळून गेला की रिसेप्टर त्याला पकडतो. पेशीचा तेवढा भाग आत खचतो, कणासकट आत ओढला जातो. आत आम्लता वाढते तसा गळ सुटतो, कण फोडला जातो आणि रिसेप्टर परत वर येऊन उभा राहतो. एक फेरी साधारण दहा मिनिटांची. एका रिसेप्टरचं आयुष्य सुमारे वीस तास. म्हणजे मरेपर्यंत त्याच्या शंभरावर फेऱ्या होतात. इतकं इमानदार गार्बेज कलेक्शन मी कुठल्याही भाषेत पाहिलेलं नाही.

या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडलेली असेल तर काम करणारे रिसेप्टर निम्म्यावर येतात आणि रक्तातलं एलडीएल जन्मापासून साधारण दुप्पट राहतं. (पीसीएसके९ आणि एपीओबी या दुसऱ्या दोन जनुकांतल्या बिघाडानेही असंच होऊ शकतं, पण बहुतेक वेळा चोर एलडीएलआरच असतो.) आपल्या भाषेत हा मेमरी लीक आहे. प्रोग्रॅम मेमरी जास्त मागतोय असं नाही, वापरलेली परत करणारा भागच अर्धा बंद आहे. अशा वेळी इनपुट कमी केलंत तर सर्व्हर कोसळायला थोडा जास्त वेळ लागेल, इतकंच.

आणि वेळ हाच इथे कळीचा मुद्दा. ज्याचं एलडीएल चाळिशीत वाढलं त्याच्या धमन्यांना दहा वर्षांचा मारा बसतो. माझ्या धमन्यांना तो पाळण्यात असल्यापासून बसतोय. म्हणून औषध न घेतलेल्या एफएचच्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, आणि बायकांपैकी सुमारे ३० टक्क्यांना साठीच्या आत. बायकांना दहाएक वर्षं उशीर होतो, एवढाच फरक. आत्या त्या उशिरात गेली आणि आम्ही म्हटलं, वय झालं होतं.

हे सगळं कळलं कसं, तीही मजेची गोष्ट आहे. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन हे दोन तरुण डॉक्टर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॅलसला काम करत होते. कोलेस्टेरॉल हजाराच्या घरात असलेली, लहानपणीच हृदयविकाराचा झटका येणारी मुलं त्यांनी पाहिली होती. या मुलांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्यांनी रुग्णांच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवल्या आणि त्यांना एलडीएल दिलं. निरोगी पेशी एलडीएल मिळालं की स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवतात. या पेशी मात्र थांबेनात. का? तर बाहेर एलडीएलचा पूर आहे हे त्यांना कळतच नव्हतं, कारण तो आत घेणारं दारच नव्हतं. १९७४ पर्यंत त्यांनी रिसेप्टर दाखवून दिला आणि १९८५ साली दोघांना नोबेल मिळालं.

त्यांच्याच प्रयोगशाळेत १९८५ साली थॉमस ज्यूडहोफ या तरुण संशोधकाने (याला पुढे २०१३ साली दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र नोबेल मिळालं) जनुकाची पूर्ण रचना मांडली. १८ तुकडे, आणि त्यातले कितीतरी तुकडे भलत्याच प्रथिनांच्या जनुकांतही सापडणारे! म्हणजे उत्क्रांतीनेसुद्धा जुनं मोड्यूल उचलून नव्या ठिकाणी चिकटवलंय. कॉपी-पेस्ट करणारे आपणच काय ते पापी, असं समजायचं कारण नाही. :)

या जनुकात आजवर दोन हजारांवर बिघाड नोंदवले गेलेत. जुन्या बिघाडांना गावांची आणि देशांची नावं आहेत : एफएच लेबनीज, एफएच हेलसिंकी, एफएच फ्रेंच कॅनेडियन. एक एफएच गुजरातसुद्धा आहे. आमचा नक्की कुठला ते मला माहीत नाही, मी जनुकीय चाचणी केलेली नाही. निदानाला ती लागतेच असं नाही. टाचेची गाठ, एलडीएलचा आकडा आणि कागदामागचे काळे चौकोन पुरेसे होते.

आता मुद्द्यावर येतो. निदान झालं त्या रात्री मी आईला सगळं समजावून सांगितलं. चौकोन-गोलांचा कागदही दाखवला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या हातून नाही ना झालं?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. बाबांना वरणभातावर तूप लागायचं आणि ते वाढायची ती. बाबा गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी म्हणालं होतं, "खाण्यावर जरा लक्ष ठेवायला हवं होतं." ते वाक्य तिने जवळजवळ तीस वर्षं कोणाला न सांगता जपलं होतं.

म्हणून मला वाटतं, मेलेल्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवायची आपली सवय नुसती चुकीची नाही, ती क्रूर आहे. शिवाय धोक्याचीही आहे, कारण एकदा दोष तुपावर गेला की चौकशी तिथेच संपते. तूप बाबांबरोबर गेलं, आता आपल्याला भीती नाही! याचा अर्थ खाण्याने काही फरक पडत नाही असा नाही. तंबाखूने आजोबांचं काम नक्की सोपं केलं असणार, आणि मी स्वतः तळलेलं कमीच खातो. पण दोन पिढ्या, चार माणसं आणि चार वेगवेगळी कारणं, असा बग रिपोर्ट माझ्याकडे आला असता तर मी विचारलं असतं, "या चौघांत कॉमन काय आहे?" घरच्या बाबतीत ते मला ३८व्या वर्षापर्यंत सुचलं नाही.

एफएच एकट्याचा नसतो. माझ्याकडे आहे म्हणजे आईबाबांपैकी एकाकडे होता. भावंडांपैकी प्रत्येकाला असण्याची शक्यता निम्मी, मुलांपैकी प्रत्येकाला निम्मी. दर वेळी नव्याने नाणं उडवायचं. त्यामुळे एक रुग्ण सापडला की त्याच्या रक्ताच्या नात्यांत एकेक करून शोध घ्यायचा, ही यातली सगळ्यात शहाणपणाची पद्धत. नेदरलँड्समध्ये १९९४ ते २०१४ अशी वीस वर्षं देशभर हेच केलं गेलं. आपल्याकडे असं सरकारी फोन करणारं कोणी नाही. म्हणजे फोन मीच करायचे.

पहिला फोन ताईला, बंगळूरला. एलडीएल २१९. तिला डॉक्टरांनी आधी "स्ट्रेस घेऊ नका" असं सांगितलं होतं. पुरुषांच्या घराण्याचा प्रश्न तिथेच निकाली निघाला.

दुसरा फोन काकूला. काकांची दोन मुलं, मुलगी २८ आणि मुलगा २४. काकूने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्या पाया पडते, पण आत्ता हे कुठे बोलू नकोस. तिचं जमत आलंय. एकदा लग्न होऊ दे, मग काय त्या टेस्टा करू."

मला राग आला, पण काकूला मूर्ख ठरवणं सोपं आहे आणि चूक आहे. 'घराण्यात हार्टचं आहे' एवढं एक वाक्य स्थळ परत पाठवायला पुरतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नवरा गेल्यावर तिने दोन मुलं एकटीने वाढवली आहेत. भीती खोटी नाही. पण हिशोब चुकतोय. झाकून ठेवल्याने आजार टळत नाही, फक्त कळायचा दिवस पुढे जातो, आणि या आजारात पुढे गेलेला प्रत्येक दिवस धमन्यांवर लिहिला जातो. मुलीच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट. गरोदरपणात या गोळ्या डॉक्टर बहुधा थांबवतात, त्यामुळे ते आधी ठरवावं लागतं. लग्नाआधी कळणं तिच्या सोयीचंच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही माहिती काकूची नाहीच. माझीसुद्धा नाही. ती त्या दोघांची आहे, आणि दोघंही सज्ञान आहेत. मी आठवडाभर थांबलो. मग दोघांना वेगवेगळे फोन केले आणि काकूलाही सांगितलं की केले म्हणून.

बहिणीचं एलडीएल १०४ आलं. नाणं तिच्या बाजूने पडलं. जे गुपित तिच्यासाठी सांभाळायचं चाललं होतं, ते तिचं नव्हतंच. भावाचं २३३ आलं. त्याच्या टाचेला गाठ नाही, काही त्रास नाही, पठ्ठ्या दर रविवारी सिंहगड चढतो. आमचा फोन झाला नसता तर तोही काकांसारखा 'अचानक' गेला असता, आणि आम्ही म्हटलं असतं, आयटीतलं टेन्शन.

काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाही. गणपतीला आली, आरतीला उभी राहिली, प्रसाद माझ्या बायकोच्या हातून घेतला. असो. मी तिच्या जागी असतो तर कदाचित मीही हेच केलं असतं.

आता गोळीबद्दल, कारण फॉरवर्ड्स येतातच. "स्टॅटिन एकदा सुरू केली की आयुष्यभर." हो, आयुष्यभर. चष्मासुद्धा आयुष्यभर असतो. अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने सुमारे ६००० बुरशी तपासून १९७३ साली पहिलं स्टॅटिन शोधलं, आणि १९८७ साली अमेरिकेत त्या वर्गातलं पहिलं औषध बाजारात आलं. या गोळ्या काय करतात? यकृताच्या स्वतःच्या कोलेस्टेरॉल बनवण्यावर लगाम घालतात. यकृताला टंचाई भासते आणि ते जनुकाच्या चांगल्या प्रतीवरून जास्त रिसेप्टर बनवून पृष्ठभागावर उभे करतं. म्हणजे अर्ध्या कामगारांकडून जास्तीचं काम. गोळीने डॉक्टरांना हवा तेवढा आकडा खाली येत नसेल तर जोडीला दुसरी औषधं आहेत, २०१५ पासून इंजेक्शनंही आहेत (ती महाग आहेत). माझं एलडीएल पाच महिन्यांत ९६ वर आलंय. स्नायू थोडे दुखले, डॉक्टरांनी औषध बदललं, थांबलं.

आणि ज्यांना वाटतं की हे सगळं नशिबात लिहिलेलं असतं, त्यांच्यासाठी एकच आकडा. नेदरलँड्समध्येच लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या एफएचच्या २१४ मुलांकडे वीस वर्षांनी परत पाहिलं गेलं, २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा गंभीर प्रसंग आला तो एक टक्का मुलांना. त्यांच्याच एफएच असलेल्या आईवडिलांना त्याच वयापर्यंत? २६ टक्के. जनुक तेच. मधे फक्त एक गोळी आली, आणि कोणीतरी वेळेवर सांगितलं.

जगभरच्या पाहण्यांचा अंदाज आहे की साधारण अडीचशे माणसांत एकाला एफएच असतो आणि बहुतेकांना ते माहीत नसतं. आमच्या सोसायटीत ११० फ्लॅट आहेत. हिशोब करा.

म्हणून या शनिवारी एवढंच काम करा. मागच्या चेकअपचा रिपोर्ट शोधा आणि एलडीएलची ओळ वाचा. आकडा १९०च्या वर असेल तर गोळी-डाएट गूगल करत बसू नका, डॉक्टरांना "एफएच असू शकेल का?" असं स्पष्ट विचारा. एक कागद घ्या, चौकोन-गोल काढा. पुरुषांपैकी पंचावन्नच्या आत आणि बायकांपैकी साठीच्या आत कोण कोण हार्टने गेलं, ते आईला किंवा आत्याला विचारून काळं करा. आणि तुमच्याकडे काही निघालं तर फोन करा. चुलत, मामे, आते, सगळ्यांना. लिपिड प्रोफाइल काही शे रुपयांत होतं. अवघड असतो तो फोन.

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिची टेस्ट पुढच्या शनिवारी आहे. सुई टोचणार हे तिला अजून सांगितलेलं नाही, तेवढं एक गुपित मात्र मी शुक्रवार रात्रीपर्यंत ठेवणार आहे.